सूचना : निरंक

"तीन मिनिटं," प्राचार्य हत्तुरे म्हणाले. "अध्यक्षांचे आभार, पाहुण्यांचे आभार, माइकवाल्याचे आभार, आणि मग राष्ट्रगीत. चौथं मिनिट लागता कामा नये."

एवढं बोलून त्यांनी माझी चिठ्ठी टेबलावर माझ्याकडे सरकवली. व्याख्यानात प्रश्न विचारायचा असेल तर तो आदल्या दिवशी चिठ्ठीवर लिहून द्यायचा, अशी आमच्या कॉलेजात पद्धत होती. सर चिठ्ठ्या वाचत, त्यातल्या तीनचार निवडत आणि बाकीच्या केराच्या टोपलीत जात. माझ्या चिठ्ठीवर एकच ओळ होती : 'कलम नऊ कुणी काढलं?'

"हा प्रश्न येणार नाही," सर म्हणाले. "म्याकल मॅडम, सोमवारी तुमची मुलाखत आहे. सहा वर्षं तासिकेवर काढलीत तुम्ही. सातवं काढायचंय का?"

"नाही सर."

"मग आभार माना. आभार मानून आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही."

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. तेव्हा मी तीस वर्षांची होते आणि बी.कॉम.च्या मुलांना व्यापारी कायदा शिकवत होते. जितके तास घेतले तितक्या तासांचे पैसे, सुट्टीत काहीच नाही. हत्तुरे सर माणूस वाईट नव्हते. भित्रे होते. ते ज्यांना भीत ते आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष, अण्णासाहेब. सोमवारी मुलाखत घेणार होते तेही अण्णासाहेबच. आणि त्याच्या अकरा वर्षं आधी आमच्या भागातली पतसंस्था बुडाली, तेव्हा तिच्या संचालकांच्या पाटीवर सगळ्यात वरचं नावही त्यांचंच होतं.

आमचा भाग म्हणजे सोलापूरचा पूर्व भाग. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. बाप यंत्रमागावर, आई उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळतेय, हे घरोघरचं चित्र. गल्लीतल्या बायका मजुरीतून वाचेल ते त्या पतसंस्थेत ठेवायच्या, कारण संस्थेचा माणूस दारात यायचा आणि 'अम्मा' म्हणायचा. एका गुरुवारी संस्थेला कुलूप लागलं आणि तो माणूस दिसेनासा झाला.

बायका खवळल्या. अण्णासाहेबांच्या बंगल्यावर मोर्चा न्यायचं ठरलं. विडी कामगारांच्या युनियननं लाल कापड आणलं, घोषणा पाठ झाल्या. माझी आई नरसम्मा सगळ्यात पुढे. आणि नेमक्या त्याच आठवड्यात मी पेपरात एक जाहिरात वाचली. ठेवीदारांसाठी सरकार नवीन कायदा करतंय. मसुदा छापलाय. कुणाला काही म्हणायचं असेल तर महिन्याच्या आत समितीला लेखी कळवावं. मी मसुदा मिळवला. त्यातलं नववं कलम वाचून मी उडालेच. संस्था बुडाली तर संचालकांच्या स्वतःच्या घरादारावर, शेतीवर टाच आणायची आणि सगळ्यात आधी लहान ठेवीदारांचे पैसे द्यायचे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

मी एकोणीस वर्षांची. गल्लीतली कॉलेजात गेलेली पहिली पोर. अक्कलहुशारीचा मला फार मोठा गर्व. मी नळाजवळच्या कट्ट्यावर उभी राहिले आणि बायकांना सांगितलं, "मोर्च्यानं लाठ्या मिळतात. कायदा अर्जानं होतो. आपण लिहायचं. प्रत्येकीचा वेगळा अर्ज. सरकारला वाचावंच लागेल."

आणि त्यांनी माझं ऐकलं. लाल कापड घडी करून ठेवून दिलं. अठरा दिवस मी दुसरं काही केलं नाही. घरोघर जायचं, नाव विचारायचं, अर्ज लिहायचा, अंगठा घ्यायचा. चारशे बारा अर्ज झाले. पोष्टात पाठवायचा गठ्ठा कापडात शिवावा लागतो, म्हणून अम्मानं घरातली चांगली चादर फाडली, चौकड्यांची, आणि दोरा दुहेरी घालून गठ्ठा शिवला. रजिस्टर पोष्टानं तो गेला, पोच आली. मी पोच सगळ्यांना दाखवली. वर्षभरानं कायदा आला. त्यात कलम आठनंतर दहावं होतं ते नववं झालेलं होतं, आणि आमचं नववं नव्हतंच. अण्णासाहेबांच्या बंगल्यावर दुसरा मजला चढला.

बायका मला काही म्हणाल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मी जगले असते. अम्मानं फक्त एकदा विचारलं, "बिड्डा, वाचले असतील का गं कुणी?" मी म्हटलं, वाचले असतील. अकरा वर्षं मला ते खरं की खोटं हे ठाऊक नव्हतं. आणि आता 'आर्थिक सुधारणांचे कायदे कसे घडतात' या विषयावर बोलायला मुंबईहून जे मुकुंद दाबके येणार होते, ते त्या समितीचे सचिव होते. अर्ज ज्यांच्या टेबलावर पोचले ते गृहस्थ. आणि मला त्यांचे आभार मानायचे होते.

दाबके सत्तरीचे होते. पांढरा बुशशर्ट, पायात साधी चप्पल. शाल आणि नारळ घेतला, हार गळ्यात पडायच्या आतच काढून टेबलावर ठेवला आणि माइक हातात घेऊन व्यासपीठाच्या कडेला आले. अण्णासाहेब मधल्या उंच खुर्चीत हात पोटावर ठेवून बसले होते. सभागृह खच्चून भरलं होतं, कारण हजेरी लागणार होती.

"तुम्हाला पुस्तकात काय शिकवतात?" दाबके म्हणाले. "विधेयक मांडलं, चर्चा झाली, मतदान झालं, कायदा झाला. खोटं नाही ते. पण लग्नपत्रिकेत जेवढं लग्न असतं तेवढंच खरं." मुलं हसली. "कायदा होतो दुपारी साडेतीनला. चहा आलेला असतो. दोन सभासद पेंगत असतात. सचिव वाचतो : कलम सात, काही हरकत? नाही. कलम आठ? नाही. कलम नऊ? आणि तिथं एक जण चष्मा काढतो, पुसायला लागतो. मी ओळखतो, की या चष्म्याला सकाळी कुणीतरी भेटून गेलंय."

माणूस बोलायचा मात्र झकास. तिसऱ्या रांगेतली नेहमी झोपणारी पोरंही सावरून बसली. मीही कागद बाजूला ठेवून ऐकू लागले. मसुदा कोण लिहितं, एखादा 'किंवा' वाढला की कितीजण सुटतात, कुठल्या खात्याचा शेरा कुठे अडतो, हे त्यांनी असं सांगितलं की मला वर्गात कधी जमलं नव्हतं.

"एक उदाहरण देतो," ते म्हणाले. "अकरा वर्षांपूर्वी पतसंस्थांच्या ठेवीदारांसाठी आम्ही कायदा करत होतो. त्यात कलम नऊ होतं. संस्था बुडवणाऱ्या संचालकाच्या घरावर टाच. ते मी स्वतः लिहिलं होतं. दीड महिना घासून. फार देखणं कलम होतं."

अण्णासाहेबांचे पोटावरचे हात सुटले. प्राचार्यांनी घड्याळाकडे बघितलं. दाबक्यांना बिचाऱ्यांना कुणाच्या शेजारी बसून आलोय याचा पत्ता नव्हता.

"मग ते गेलं कुठं? तर ऐका. संचालकांच्या बाजूनं त्रेसष्ट निवेदनं आली. वकिलांनी लिहिलेली, बांधणी केलेली. मी तक्ता केला. एका रकान्यात 'संचालकांकडून आलेल्या सूचना : त्रेसष्ट'. दुसऱ्या रकान्यात 'ठेवीदारांकडून आलेल्या सूचना'..." ते थांबले. "निरंक. काही नाही. शून्य. सभासद म्हणाले, दाबके, ज्यांच्यासाठी तुम्ही हे कलम लिहिलंत त्यांनाच ते नकोय, तर आपण कशाला वाईटपणा घ्यायचा? दोन मिनिटांत कलम गेलं. मुलांनो, झोपलेल्यांसाठी कुणी कायदा करत नाही."

टाळ्या पडल्या. झोपलेले! अठरा दिवस आमच्या गल्लीत बायका सूप बाजूला ठेवून, एकेक तासाची मजुरी सोडून अंगठे द्यायला रांगेत बसल्या होत्या.

शेवटी ते म्हणाले की त्याच कायद्याची आता पुन्हा दुरुस्ती चाललीय, नव्या समितीला ते सल्ला देतात, आणि सूचनांची मुदत याच महिन्याच्या तीस तारखेला संपते. "बघू, या वेळी तरी कुणी लिहितं का." मग निवडलेल्या चिठ्ठ्या आल्या. पहिली चिठ्ठी : 'सर, आपल्या यशाचं रहस्य काय?' दुसरी : 'सर, स्पर्धा परीक्षेसाठी किती तास अभ्यास करावा?' तिसरी मला आठवत नाही.

"आता आभारप्रदर्शन, प्राध्यापिका विजयालक्ष्मी म्याकल."

आभार कुणी ऐकत नाही. खुर्च्या वाजायला लागतात, मुली पर्स आवरतात, मुलं दाराकडे बघतात. पण कुणी उठत मात्र नाही, कारण आभारांनंतर राष्ट्रगीत असतं आणि त्याआधी निघून जाणं बरं दिसत नाही. राष्ट्रगीत म्हणणाऱ्या चार मुली माइकजवळ येऊन उभ्या राहतात आणि आभार मानणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतात. त्या दिवशी मला पहिल्यांदाच उमगलं, की साऱ्या समारंभात ही एकच वेळ अशी आहे, की मी संपवल्याशिवाय अध्यक्षालाही खुर्ची सोडता येत नाही.

मी माइकवाल्याचे आभार मानले. मग दाबक्यांकडे वळले.

"सर, तुमचे आभार मानण्याआधी एक दुरुस्ती. निरंक नव्हतं. चारशे बारा अर्ज होते. सोलापूरहून."

सभागृहातला खुर्च्यांचा आवाज थांबला.

"म्याकल मॅडम," मागून प्राचार्य दबक्या आवाजात म्हणाले, "तीन मिनिटं."

"अजून एकच झालंय सर."

अण्णासाहेबांनी मान वळवून त्या चार मुलींकडे बघितलं आणि हातानं 'चला' अशी खूण केली. चौघींत पुढे होती ती सुवर्णा गुर्रम, शेवटच्या वर्षाची, माझ्याच गल्लीच्या मागच्या गल्लीतली. सूर तीच लावायची. तिनं अण्णासाहेबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हात मागे बांधून उभी राहिली.

"सुरू करा की गं!" प्राचार्य म्हणाले.

"मॅडमचं झालं नाही अजून, सर," सुवर्णा म्हणाली.

दाबके मात्र माझ्याकडे टक लावून बघत होते. "सोलापूर," ते म्हणाले. "थांबा. तो गठ्ठा चादरीत शिवलेला होता का? चौकड्यांची चादर?"

"हो."

"मीच उघडला तो. असं पार्सल मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं." ते माइकपाशी आले. माणूस खोटं बोलणारा नव्हता, हे मला आजही कबूल करावं लागतं. "सगळे अर्ज वाचले मी. एकूण एक. पण ते धरता आले नाहीत."

"का?"

"सगळे एकाच हस्ताक्षरात होते. फार सुरेख अक्षर. मोत्याचे दाणे. नियम असा, की एकाच हातचे अर्ज म्हणजे एकच अर्ज समजायचा. आणि अंगठा असेल तर खाली लिहून देणाऱ्याचं नाव, सही लागते. ती एकाही अर्जावर नव्हती. म्हणजे तो एक अर्जही निनावी ठरला. निनावी अर्ज दप्तरी दाखल होत नाही. म्हणून निरंक. शिवाय अंगठेसुद्धा नीट उमटले नव्हते. नुसते डाग होते."

ते अक्षर माझं होतं. शाळेत दर वर्षी बक्षीस मिळवणारं. सगळे अर्ज एकसारखे देखणे दिसावेत म्हणून मी एकाच पेनानं, ओळीला ओळ जुळवून लिहिले होते. आणि खाली माझं नाव मी मुद्दाम टाकलं नव्हतं. बायकांचं म्हणणं बायकांच्याच नावानं जावं, मध्ये आपण कशाला मिरवायचं, असं मला वाटलं होतं. मोर्चा मीच थांबवला, आणि अर्जही मीच बुडवले. अकरा वर्षं मी अण्णासाहेबांना, सरकारला, पोष्टाला शिव्या घातल्या होत्या. मला आता रडू फुटणार होतं. पण मधल्या खुर्चीतून आवाज आला.

"खाली बसा बाई," अण्णासाहेब म्हणाले. "मिळालं ना उत्तर? झालं तर मग."

ते तेवढं बोलले नसते तर मी कदाचित खरंच बसले असते. त्या 'झालं तर मग'नं माझं रडू पार पळालं.

"नाही झालं," मी म्हणाले. "सर, अंगठे डाग दिसले कारण माझ्या आईनं चाळीस वर्षं पानं वळलीत. बोटांवर रेषाच उरलेल्या नाहीत. तुमच्या कायद्यानं तिला सांगितलं, आधी बोटं दाखव मग तक्रार ऐकतो. अक्षर माझं होतं. चूक माझी, ती मी आज सगळ्यांसमोर घेते. सही करायला मी घाबरले नव्हते, मला कळलं नव्हतं. पण तुम्हाला कळलं होतं. तुम्ही चारशे बारा वाचलेत आणि शून्य लिहिलंत. आणि आज इथं येऊन आम्हाला झोपलेले म्हणालात."

दाबक्यांनी चष्मा काढला. मग तो हातात असल्याचं त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी तो घाईनं पुन्हा घातला. "नियम माझा नव्हता," ते म्हणाले.

"मग आत्ता नियमानंच सांगा. या वेळी अर्ज धरायला काय लागतं?"

अण्णासाहेब उठायच्या बेतात होते, पण राष्ट्रगीत व्हायचं होतं आणि चारशे पोरं बघत होती. मग दाबके हळू बोलू लागले, ऑफिसात कारकुनाला मजकूर सांगावा तसे. "प्रत्येकीचा अर्ज वेगळ्या हातचा हवा. नाव, पूर्ण पत्ता. अंगठा असेल तर खाली लिहिणाऱ्याची सही आणि नाव. आणि टपालानं पाठवू नका. हातोहात द्या. प्रत्येक अर्जावर शिक्का मारून पोच मागा. द्यावीच लागते. शिक्का पडला की निरंक लिहिता येत नाही."

मी मुलांकडे वळले. आमच्या कॉलेजात निम्म्या पोरांच्या आया विड्या वळायच्या, पण वर्गात ते कुणी बोलायचं नाही. डब्याला तंबाखूचा वास येतो म्हणून पोरी एकट्या जेवायच्या. मला तो वास ओळखीचा होता, मीही तशीच जेवले होते. "ज्यांच्या घरातले पैसे त्या संस्थेत गेले," मी म्हणाले, "त्यांनी हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. मला वाटलं, संपलं.

"मॅडम," सुवर्णा तिच्या माइकवरून म्हणाली, "हात वर करायला लावू नका ओ. काय लिहायचं तेवढं सांगा."

चार वह्या उघडल्याचं दिसलं. मग दहा. मग मोजता येईनात. सगळ्यांची पेनं माझ्या तोंडावर रोखलेली. मी बोलणार आणि ती पोरं उतरवून घेणार, वर्गात घेतात तशी. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. सुंदर वाक्य होतं ते.

"सांगणार नाही," मी म्हणाले. "घरी जा. आईला विचारा. ती बोलेल तसं लिहा. शिवी दिली तर शिवी लिहा. खाली स्वतःचं नाव टाका." आणि मग मी दाबक्यांना नमस्कार केला. "अध्यक्षांचे आभार मानायचे राहिले. ते राहू देत. सुवर्णा, आता म्हण."

राष्ट्रगीताला अण्णासाहेब ताठ उभे होते. मी पण होते.

संध्याकाळी घरी गेले तर अम्मा उंबऱ्यात कात्रीनं पानं कापत होती. मी तिच्यासमोर जमिनीवरच बसले आणि सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. अक्षराचं सांगितलं, सहीचं सांगितलं. "तुमचा मोर्चा मी थांबवला अम्मा. आणि अर्ज माझ्यामुळं गेले." एवढं म्हणून मी ओक्साबोक्शी रडले. व्यासपीठावर अडवलं होतं ते सगळं.

अम्माची कात्री काही थांबली नाही. आम्ही घरी तेलुगू बोलतो, पण ती जे म्हणाली ते असं : "म्हणजे छाट काढली त्यानं."

कारखान्यात विड्या द्यायला गेलं की तपासनीस वाईट म्हणून ज्या बाजूला फेकतो ती छाट. त्या विड्यांची मजुरी मिळत नाही आणि विड्याही परत मिळत नाहीत.

"चाळीस वर्षं माझी छाट काढतायत," अम्मा म्हणाली. "म्हणून दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन गेले नाही का मी? रडतेस काय? तीस तारीख कधी आहे?"

"पुढच्या शुक्रवारी."

"मागच्या वेळी तू म्हणालीस, मोर्चा नको, अर्ज. या वेळी अर्ज पण जाईल आणि आम्ही पण जाऊ. माझा अर्ज तू लिहायचा नाहीस. गुर्रमच्या पोरीला बोलाव."

सोमवारी मुलाखत झाली. अण्णासाहेबांनी मला कायद्यातलं काहीच विचारलं नाही. "आभारप्रदर्शनाचे प्रकार किती?" एवढंच विचारलं आणि शेजारच्यांकडे बघून हसले. "दोन," मी म्हटलं. "मनापासूनचे आणि भीतीपोटी मानलेले. दुसरे तुम्हाला पुष्कळ मिळतात." जागा दुसऱ्याला गेली. हत्तुरे सर मला जिन्यात भेटले आणि त्यांनी खिशातली चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. त्यांच्या बहिणीच्या नावचा अर्ज होता, त्यांच्याच हातचा, खाली सही. तिलाही कुणीतरी 'अम्मा' म्हणत बुडवलेलं होतं म्हणायचं. पुढच्या वर्षी मी सनद काढली आणि कोर्टात उभी राहू लागले. ते कलम पुढे कायद्यात आलं, पुष्कळ घासून आणि कोपरे कापून, पण आलं. कसं आणि कितपत उपयोगी पडलं, ते सांगायला मी काळा कोट घालते, इथं सांगत बसत नाही.

मला सांगायचंय ते त्या शुक्रवारचं. मुंबईत समितीच्या कार्यालयाला एक अरुंद खिडकी होती आणि खिडकीत एक कारकून. आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. बायकांची रांग जिन्यावरून खाली, फाटकाबाहेर फुटपाथवर गेली होती. प्रत्येकीच्या हातात एकेक कागद, घडी केलेला. मी एकही वाचलेला नव्हता.

"सगळे एकत्र द्या मावशी," कारकून म्हणाला. "एकच पोच देतो."

"एकत्र नाही," अम्मा म्हणाली. "एकीची एक पोच."

"पाच वाजेपर्यंत व्हायचं नाही ओ ते!"

"मग लवकर सुरू कर की बाबा."

त्यानं वैतागून तिचा कागद घेतला. सुवर्णाचं अक्षर वेडंवाकडं, मराठीत तेलुगू घुसलेलं, मध्ये खाडाखोड. त्यानं तो उजेडाकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "हे काय लिहिलंय? काही समजत नाही."

"मला लिहायला येत नाही, सांगायला येतं," अम्मा म्हणाली. "ऐक." आणि खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही कोपरं टेकून ती पहिल्यापासून सांगायला लागली. संस्थेचा माणूस दारात आला तिथपासून. तिचं मराठी तोडकं, आवाज खणखणीत, आणि घाई कसलीच नाही. मागच्या बायका मध्ये मध्ये 'हौ, हौ' करत होत्या. कारकुनाच्या हातातला शिक्का तसाच वर राहिला होता. शेवटी तो तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून, जरा आशेनंच, म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता. तुम्हीच थोडक्यात सांगता का?"

"नाही," मी म्हणाले.